क्षमा नेमकी कधी झाली, असं विचारणाऱ्या तुला

प्रभूत सप्रेम सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. जग नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष, ठरलं ते ख्रिस्त मेलेल्यांतून उठला त्या पहाटे, की माणूस विश्वास ठेवतो तेव्हा? या एका प्रश्नावरून ल्यूथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या पंथातली, माणसं एकमेकांना पाखंडी ठरवतात, हे पाहून तू हादरलीस. हादरायलाच हवं. पण बाजू निवडायची घाई करू नकोस.

आधी सामुएल हुबरची गोष्ट वाच. हा बर्नकडचा स्विस पाळक. देवाने काहींनाच तारणासाठी निवडलं, ही जिनिव्हाच्या बेझा या धर्मशास्त्र्याची शिकवण त्याला सहन होईना. त्यासाठी 1588 मध्ये त्याला बर्न सोडावं लागलं. तो ल्यूथरन झाला आणि 1592 मध्ये विटेनबर्गला शिकवू लागला. तिथे तो दुसऱ्या टोकाला गेला: निवड सगळ्यांची आणि नीतिमान ठरणंही सगळ्यांचंच. एगिडियस हुन्नियस आणि पॉलिकार्प लायझर हे त्याचेच सहकारी, पण त्यांनी त्याला ठाम विरोध केला आणि थोड्याच वर्षांत त्याची जागा गेली. मला या माणसाबद्दल वाईट वाटतं. एका क्रूर वाटणाऱ्या शिकवणीपासून पळताना त्याने विश्वासाची जागाच पुसून टाकली.

अमेरिकेत हा प्रश्न पुन्हा उठला तो पापक्षमेच्या घोषणेवरून. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेहून तिथे गेलेल्या ल्यूथरन लोकांत वाद झाला: पाळक क्षमा जाहीर करतो तेव्हा ती ऐकणाऱ्याला खरोखर दिली जाते, की विश्वास असेल तर मिळेल अशी नुसती शुभेच्छा असते? मिझूरी सिनड या तिथल्या ल्यूथरन मंडळ्यांच्या संघाचे नेते वाल्थर म्हणत, ख्रिस्ताचं पुनरुत्थान हीच सगळ्या जगाची क्षमा. या सिनडच्या 1932 च्या ‘संक्षिप्त निवेदना’त देवाने ख्रिस्तात सगळ्या जगाला आधीच नीतिमान जाहीर केलं आहे असं लिहिलं आहे, पण त्याच ओघात, जे विश्वास ठेवतात त्यांना तो नीतिमान गणतो, हेही लिहिलं आहे. भांडणारे यातला अर्धाच भाग उचलतात. म्हणून ‘हे तर सगळेच तरले असं शिकवतात’ हा आरोप तू कधी करू नकोस. तो खोटा आहे. आणि दुसऱ्या बाजूवर ‘यांनी विश्वासाचंच पुण्यकर्म केलं’ हा आरोपही तितकाच अन्यायाचा आहे.

मात्र शब्द सैल सोडले की काय होतं, हे इंडियाना राज्यातल्या कोकोमो गावात 1979 मध्ये दिसलं. तिथे चार विधानांवरून एक ल्यूथरन मंडळी (चर्च) फाटली. त्यातलं एक असं, की ख्रिस्त उठला तेव्हा देवाने ख्रिस्ताला धरून देणाऱ्या, नरकातल्या यहूदालाही निर्दोष ठरवून संतांचा दर्जा दिला. ज्या कुटुंबांना हे पटेना, ती मंडळीबाहेर गेली. नरकातला संत! पौलाच्या कुठल्या पत्रात बसतं हे?

आता वचनांकडे ये. रोमकरांस पत्र 4:25, म्हणजे ख्रिस्त धरून दिला गेला आणि उठवला गेला हे वचन, ग्रीकमध्ये उघड. ‘दिआ’ (‘मुळे’ किंवा ‘साठी’) हा एकच शब्द दोन्ही अर्ध्यांत आहे. आपल्या मराठी शास्त्रात पहिल्या अर्ध्यात ‘अपराधांमुळे’ येतं आणि दुसऱ्यात आपण नीतिमान ठरावं ‘म्हणून’. म्हणजे भाषांतरकाराने तुझ्यासाठी आधीच निवड केली आहे. दोन्हीकडे ‘मुळे’ ठेवून वाच, म्हणजे नीतिमान ठरणं आधीच झालेलं वाटेल; सगळा वाद त्या एका प्रत्ययात सापडेल. मग 2 करिंथ 5:19 आणि 20 एका दमात वाच. देवाने जगाचा स्वतःशी समेट केला, आणि लगेच पुढे: देवाशी समेट करा.

माझं मत विचारलंस. ‘नीतिमान ठरणे’ हा शब्द मी विश्वासाला जोडूनच वापरतो, कारण पौल रोमच्या तिसऱ्या-चौथ्या अध्यायांत आणि ल्यूथरन लोकांचा 1530 चा ऑग्सबर्ग विश्वासांगीकार (श्रद्धेचा जाहीरनामा) चौथ्या कलमात तसाच वापरतात. पण जगाची क्षमा आधीच झाली म्हणणाऱ्या बाजूने जे जपलं, ते मी सोडणार नाही. का, ते सांगतो.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मंडळीतली एक बाई प्रभुभोजनाला पुढे येईनाशी झाली. सगळे उठत, ती बाकावर बसून राही. विचारलं तर म्हणाली, “माझा विश्वास पुरेसा नाही, पाळकसाहेब.” मी तिला म्हणालो, प्रार्थना करा, विश्वास वाढेल. ती आणखी चार महिने बसून राहिली. मी तिला तिच्याच आत पाहायला लावलं होतं, आणि तिथे तिला रिकामं घर दिसत होतं.

नंतर ल्यूथरचं 1530 चं स्वर्गाच्या चाव्यांवरचं, म्हणजे क्षमा जाहीर करण्याच्या अधिकारावरचं, लिखाण वाचलं. तो म्हणतो, राजाने तुला गड दिला आणि तू तो घेतला नाहीस, तर राजा खोटा ठरत नाही. त्याने दिलाच होता. मी तिच्याकडे परत गेलो आणि तिच्या विश्वासाबद्दल एक शब्दही काढला नाही. ख्रिस्ताने काय केलं आणि ते तिच्यासाठी केलं, एवढंच सांगितलं. पुढच्या रविवारी ती उठली. विश्वास तिथेच, ऐकता ऐकता आला होता.

हुन्नियसने हुबरला दिलेलं उत्तर मिळवून वाच; नुसत्या उताऱ्यांवर जाऊ नकोस. आणि 4:25 वर तुझं काय ठरलं, ते मला कळव.

तुझा,
एक म्हातारा पाळक