बॉरो कुणाचं, लेंड कुणाचं?

प्रश्न असा आहे: 'ऑफिसात एकाला "कॅन यू बॉरो मी युअर चार्जर?" असं विचारलं, तर तो गालातल्या गालात हसला. बॉरो म्हणजे उसनं आणि लेंड म्हणजेही उसनंच ना? मग चुकलं कुठे?'

चुकली ती दिशा. आपलं 'उसनं' दोन्हीकडून चालतं, कारण दिशा दाखवायला त्याच्या मागे घेणं नाहीतर देणं उभं असतं. इंग्रजीत ती दिशा क्रियापदाच्या पोटातच आहे. बॉरो म्हणजे उसनं घेणं, लेंड म्हणजे उसनं देणं. चार्जर देणार समोरचा, म्हणून 'कॅन यू लेंड मी'. वाक्य स्वतःपासून सुरू केलंत, तर 'कॅन आय बॉरो'. वस्तू कुणाची हे सांगताना बॉरोला फ्रॉम लागतो. लेंडला टू, किंवा 'लेंड मी'सारखा माणूस थेट चिकटतो.

फार ओशाळू नका. अमेरिकेत मिनेसोटा, विस्कॉन्सिनकडच्या बोलीत 'बॉरो मी' आजही कानावर पडतं. तिकडे जर्मन आणि नॉर्वेजियन लोक मोठ्या संख्येने जाऊन वसले, आणि त्या दोन्ही भाषांत घेण्यादेण्याला एकच क्रियापद चालतं. म्हणजे त्यांचीही गत आपल्यासारखीच. ऑफिसच्या इंग्रजीत मात्र ती चूकच.

पण माझ्या मते बॉरो म्हणजे 'उसनं घेणं' हेही अर्धंच खरं. उसनी आणायची ती शेजारून वाटीभर साखर. तीच साखर परत जात नाही, तेवढीच दुसरी जाते. हातउसन्या पैशांचंही तसंच. चार्जर कुणी उसना घेतं का? 'जरा दे रे' म्हणतो, आणि पुस्तक 'वाचायला नेतो'. इंग्रजीत साखर, पैसे, चार्जर, पुस्तक सगळ्याला बॉरो. बँकेकडून आपण कर्ज 'काढतो', ऋण काढून सण करतो, तिथेही बॉरोच. मात्र वाण्याकडून उधारीवर आणलेली डाळ बॉरो नव्हे. ती विकत घेतलेली असते, पैसे तेवढे द्यायचे राहिलेले असतात. आणि या बॉरोचं मूळ काय, तर जुन्या इंग्रजीतला बोर्ग, म्हणजे तारण, हमी. वाटीभर साखरेला कसलं आलंय तारण!

रेंट मात्र दुतोंडी. 'आय रेंटेड अ फ्लॅट' म्हणणारा बहुधा भाडेकरू असतो, पण मालकही असू शकतो. लेट हे फक्त मालकाचं. म्हणून 'भाड्याने देणे आहे' सांगणाऱ्या पाटीवर 'टू लेट' असतं. त्या दोन शब्दांमधल्या फटीत कुणा खोडकर पोराने खडूने एक आय घुसवला, की मालकाच्या दारावर भलत्याच घाईतली माणसं टकटक करू लागतात.