पशुवैद्यकाचा सल्ला: पोटातली तार आणि गोचीडताप

प्रश्न : मुऱ्हा म्हैस व्याली त्याला दीड महिना झाला. आठवडाभर दूध निम्म्यावर आहे. पोट फुगते, औषध दिले की उतरते, पुन्हा फुगते. शेण थोडे आणि काळपट. डॉक्टरांनी एक्स-रे व सोनोग्राफी सांगितली आहे. आधी तार धरून ठेवणारे चुंबक पोटात सोडून बघू का? – एक वाचक, वडणगे

उत्तर : नको. चुंबक स्वस्त म्हणून आधी तेच, हा हिशेब इथे अंगाशी येईल. गिळलेली तार जाळीपोटात, म्हणजे म्हशीच्या चार पोटांपैकी दुसऱ्यात, पडते. ते साधारण मिनिटाला एकदा आवळते आणि तार पुढे रेटली जाते. पुढे छाती-पोटामधला पडदा, आणि त्याच्यापलीकडे काही सेंटीमीटरवर हृदय. म्हशीत आणखी एक भानगड होते : तारेने किंवा गाभणपणाच्या दाबाने पडदा फाटतो आणि जाळीपोट छातीत सरकते. वरचेवर पोटफुगी, थोडे काळे शेण आणि नुकतीच वेत झालेली म्हैस, हे वर्णन पडदा फाटल्याशी जास्त जुळते. त्यावर चुंबकाचा उपयोग शून्य.

तपासण्या दोन्ही कराव्या लागतात. तार आणि छातीत सरकलेले पोट एक्स-रेत दिसते. जाळीपोट आवळते की नाही, ते पडद्याला चिकटले आहे का, पू साठला आहे का, हे सोनोग्राफी सांगते. तार मात्र तिच्यात बहुधा सापडत नाही. धातुशोधक यंत्र वाजले म्हणून निदान होत नाही. निरोगी जनावरांच्या पोटातही खिळे-चुका असतात.

नुसती तार निघाली, तर 12 ते 24 तास वैरण बंद ठेवून चुंबक सोडतात, नाहीतर ते कोठीपोटातच, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटातच, अडकून राहते. सोबत प्रतिजैविके, आणि पुढचे पाय वीतभर उंचावर. पूर्वी चुंबक सोडले होते का हे आठवत नसेल, तर डाव्या कोपरामागे होकायंत्र धरा. काटा हलला तर ते आत आहे. तीन दिवसांत फरक नाही, तर डाव्या भकाळीतून, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यातून, शस्त्रक्रिया. ती जागा बधिर करून उभ्या जनावरावरच होते.

पडदा फाटला असेल तर काम मोठे. आधी कोठीपोट रिकामे करायचे, मग एक-दोन दिवसांनी पूर्ण भूल देऊन पडदा शिवायचा. हे गोठ्यात होत नाही. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी फोन करून मगच गाडी ठरवा. गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीला सूज आणि मानेची शीर टरारून फुगलेली असेल, तर हृदयाभोवती पू झाला असे समजा. तेव्हा शस्त्रक्रियेने क्वचितच जनावर वाचते.

तार बहुतेक वेळा कडबाकुट्टीतून येते. पेंढीत अडकलेली स्लॅबची बाइंडिंग तार कुट्टी यंत्र बोटभर तुकड्यांत कापते, आणि असा टोकदार तुकडा अख्ख्या तारेपेक्षा वाईट. यंत्राच्या तोंडाशी चुंबक बसवा. तांबे, अॅल्युमिनियम त्याला लागत नाही. ते हातानेच वेचायचे.

प्रश्न : 28 किलोच्या लॅब्रॅडॉरला गोचीडताप झाला, प्लेटलेट 40 हजार. डॉक्सिसायक्लीनच्या आठव्या दिवशी तो खेळायला लागला. गोळी बंद करू? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : नाही. एर्लिकियासाठी, म्हणजे गोचिडीतून येणाऱ्या या तापाच्या जंतूसाठी, किलोला 10 मिलिग्रॅम रोज, म्हणजे तुमच्या कुत्र्याला 280 मिलिग्रॅम, आणि 28 दिवस पूर्ण. गोळी खाण्यासोबत, वर पाणी. कोरडी गोळी अन्ननलिकेत चिकटून जखम करते. दुधातून देऊ नका, कॅल्शियममुळे ती कमी शोषली जाते.

प्लेटलेटचा आकडा यंत्राचा असेल तर काचपट्टीवर रक्त पसरून पुन्हा मोजायला सांगा. गुठळ्या झालेल्या प्लेटलेट यंत्र मोजत नाही. हिरड्या पांढुरक्या किंवा लघवी कॉफीच्या रंगाची दिसली तर बबेसियाची, म्हणजे गोचिडीतूनच येणाऱ्या रक्तातल्या परजीवीची, पीसीआर चाचणी लगेच करा. त्यावर डॉक्सिसायक्लीन पुरत नाही, औषध वेगळे. रक्त द्यायची वेळ आली तर पहिल्या वेळेलाही रक्तगट जुळवूनच घ्या.

गोचीड कुत्र्यावरून काढून भागत नाही. ती भिंतीच्या भेगांत, उंबऱ्याखाली अंडी घालते. भेगा बुजवा, आणि कुत्र्याचे गोचीडनाशक ठरल्या तारखेला चुकवू नका.