आधी पत्ता, मग अर्थ

प्रिय बाळ,

प्रभूच्या नावाने सलाम.

बायबलमधल्या शब्दांच्या अर्थांची तुझी वही वाचली. पानोपानी शब्द, प्रत्येकापुढे बरोबरचं चिन्ह आणि एका ओळीत अर्थ. मेहनत दिसते. गोंधळ झालाय तो त्या बरोबरच्या चिन्हामुळे.

‘प्रायश्चित्त = पापाची शिक्षा भोगणे’ असं लिहून तू विचारतेस की रोमकरांस पत्र 3:25 मध्ये देवच ख्रिस्ताला प्रायश्चित्त म्हणून पुढे कसा ठेवतो, ते तर पाप्याने करायचं ना? शंका रास्त आहे. तू लिहिलेला अर्थ दुसऱ्या गावचा आहे. आपल्या बोलण्यात प्रायश्चित्त ‘घेतात’. ज्याचा अपराध त्याने उपास करावा, दान द्यावं. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाच्या ग्रीकमध्ये तिथे ‘हिलास्तेरिऑन’ आहे. हाच शब्द इब्री लोकांस पत्र 9:5 मध्ये येतो आणि तिथे तुझ्याच बायबलात त्याचं मराठी ‘दयासन’ केलंय! दयासन म्हणजे कराराच्या कोशावरचं, देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीवरचं, शुद्ध सोन्याचं झाकण, अडीच हात लांब, दीड हात रुंद (निर्गम 25:17). हिब्रूत ‘कप्पोरेथ’.

आता लेवीय 16 उघड. वर्षातून एकदाच प्रमुख याजक पडद्याच्या आत, कोश ठेवलेल्या परमपवित्र स्थानात जातो. आधी स्वतःच्या पापांसाठी गोऱ्ह्याचं रक्त बोटाने दयासनावर शिंपडतो, मग दयासनासमोर सात वेळा. लोकांसाठी बकऱ्याचं रक्तही तसंच. त्याला लागून लेवीय 17:11 वाच. हे रक्त मीच तुम्हांला दिलं आहे, असं तिथे देव म्हणतो. देणारा कोण, घेणारा कोण, सगळं उलटं झालं की नाही? पौलाला नेमकं झाकण अभिप्रेत आहे की यज्ञबली, यावर अभ्यासकांचा वाद आहे आणि तो तुला पुढे कळेलच. पण तुझी शंका वादापर्यंत पोचायच्या आतच सुटते, कारण शब्दाचा पत्ता, म्हणजे तो कुठे आणि कशासाठी वापरलाय ते, सापडलं.

आधी पत्ता, मग अर्थ. दर पानाच्या माथ्यावर हे लिहून ठेव.

पानाला चार रकाने पाड. पहिल्यात मराठी शब्द. दुसऱ्यात किमान तीन वचनं, त्यांतलं एक तरी तुझा अर्थ न बसणारं. तिसऱ्यात मूळ हिब्रू किंवा ग्रीक शब्द देवनागरीत. चौथ्यात कोण बोललं, कोणाशी आणि केव्हा. अर्थ सगळ्यात शेवटी, तोही पेन्सिलीने. न बसणारं वचन शोधायचा कंटाळा करतात सगळे, आणि तिथेच फसतात.

‘मंडळी म्हणजे जगातून बाहेर बोलावलेले’ हे तू उपदेशात ऐकलंस. मंडळीसाठीच्या ‘एक्लेसिया’ या ग्रीक शब्दाचे ‘बाहेर’ आणि ‘बोलावणे’ असे दोन तुकडे करून अर्थ काढायची ही जुनी खोड. प्रेषितांची कृत्ये 19 मध्ये इफिसच्या नाट्यगृहात अर्तमी देवीच्या नावाने सुमारे दोन तास ओरडणारा जमाव आहे. त्यालाही या पुस्तकाचा लेखक लूक ‘एक्लेसिया’च म्हणतो. त्यांना कोणी जगातून बाहेर बोलावलं होतं? एक्लेसिया म्हणजे जमलेली सभा. त्यातली देवाची सभा कोणती, ते शब्दाभोवतीचं वाक्य सांगतं.

‘नीतिमान ठरवणे’ म्हणजे देव माणसाला नीतिमान ठरवतो की नीतिमान करतो, यावरून वसईच्या कॅथलिक मैत्रिणीशी तुझं वाजलं. बाळ, तुम्ही दोघी दोन पत्त्यांवरून भांडताय. ग्रीक ‘दिकाइओ’ला न्यायालयाचा वास आहे. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात अनुवाद 25:1 पाहा, न्यायाधीश निर्दोषाला निर्दोष ठरवतो. लॅटिन ‘युस्तिफिकारे’च्या घडणीतच ‘करणे’ आहे. आपल्या मराठीतल्या ‘ठरवणे’ने एक बाजू आधीच घेतलेली आहे, हे ओळख. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये सांगितलं की यात पापक्षमेबरोबर माणसाचं आतून नवं होणंही येतं. लुथरन आणि कॅथलिक यांनी 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्गमध्ये या विषयावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. ते वाचल्याशिवाय मैत्रिणीला चुकीचं म्हणू नकोस. आणि रोमकरांस 3:28 शेजारी याकोब 2:24 लिही. पहिल्यात माणूस नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो, दुसऱ्यात केवळ विश्वासाने नव्हे तर क्रियांनी, आणि क्रियापद एकच आहे. ते लपवून ठेवणारी वही मला नको.

लोक म्हणतात, मी साध्या श्रद्धेत किचकटपणा घालतो. म्हणू देत. एका ओळीचे अर्थ मीही वर्षानुवर्षं वाटले, आणि वाटलेला अर्थ परत मागता येत नाही. लोकांना ते किचकट वाटू दे, पण असे एका ओळीचे अर्थ तुझ्या हातून जाऊ नयेत.

मंडळीच्या इतिहासातल्या शब्दांना तर सालही हवं. त्रैक्यातल्या पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यासाठी वापरतात तो ग्रीक शब्द तू ‘हिपोस्टासिस = व्यक्ती’ असा लिहिलास. नायसियाच्या परिषदेने 325 मध्ये विश्वासांगिकाराला जोडलेल्या निषेधात हिपोस्टासिस आणि ‘ऊसिया’, म्हणजे तत्त्व, हे शब्द एकाच अर्थाने वापरलेत. पुत्र, म्हणजे ख्रिस्त, पित्याहून वेगळ्या हिपोस्टासिसचा म्हणणाऱ्याला तिथे बाहेर काढलं. त्याच शतकाच्या उत्तरार्धात कप्पदुकियाचे (आजच्या तुर्कस्तानातल्या प्रांताचे) धर्मपिते एक ऊसिया, तीन हिपोस्टासिस असं शिकवतात आणि तेच शुद्ध मत ठरतं. साल नसेल तर यांतला एक गट तुझ्या वहीत पाखंडी ठरणार. 362 मध्ये आलेक्झांद्रियाच्या सभेत तिथला बिशप अथनासियने दोन्ही बाजूंना विचारलं, तुम्ही हा शब्द कोणत्या अर्थाने वापरता? उत्तरं ऐकल्यावर कळलं की विश्वास एकच होता.

पुढच्या वेळी दहाच शब्द आण. सुरुवात ‘करारा’पासून कर. उत्पत्ती 15 मध्ये कापलेल्या जनावरांच्या मधून कोण गेलं आणि कोण गेलं नाही, ते चौथ्या रकान्यात लिही. त्याच्याखाली इब्री 9:16 आणि 17 घे, जिथे मृत्युपत्राची भाषा येते. उत्पत्तीच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात आणि इब्री पत्रात ग्रीक शब्द एकच, ‘दियाथेके’. अर्थाची जागा कोरी ठेवलीस तरी चालेल.

तुझा,
काका