डेथ ग्रिप्सचा ‘द पॉवर्स दॅट बी’ मी अर्ध्यातच सोडला. माझं काही चुकतंय का?

चुकत काही नाही, फक्त सुरुवात अवघड टोकाकडून झाली आहे. तुम्ही लिहिलंय की चौथ्या-पाचव्या ट्रॅकपर्यंत सगळं एकच गाणं वाटायला लागलं, आणि तरीही लोक या अमेरिकन प्रयोगशील हिप-हॉप बँडचा हा अल्बम डोक्यावर का घेतात ते कळत नाही. माझंही पहिल्यांदा हेच झालं होतं. डोंबिवली ते दादर, उभ्याने प्रवास, कानात दीडशे रुपयांचे इअरफोन. गाण्यातला आवाज असा तुटत होता की मला वाटलं वायर गेली. पिन काढून कुर्त्याला पुसून परत लावली. तरी तेच.

मुळात हा एक अल्बम नाहीच. एका पाकिटात घातलेले दोन अल्बम आहेत, आणि त्यांचं एकमेकांशी फारसं पटत नाही. पहिल्या डिस्कच्या नावात कृष्णवर्णीयांसाठीची शिवी आहे. बँडचा रॅपर एमसी राइड स्वतः कृष्णवर्णीय आहे, त्याने तो शब्द वापरणं वेगळं आणि मी इथे टाइप करणं वेगळं. म्हणून मी नुसतं ‘पहिली डिस्क’ म्हणते.

ती त्यांनी ८ जून २०१४ ला अचानक फुकट डाउनलोडला ठेवली. महिनाही झाला नाही तोच, २ जुलैला, कागदी नॅपकिनवर खरडलेल्या निरोपाचा फोटो टाकला: बँड संपला. नाइन इंच नेल्स आणि साउंडगार्डन या रॉक बँडबरोबरचा ठरलेला दौरा गेला. दोन डिस्कचा अल्बम, म्हणजे दुसरी डिस्क ‘जेनी डेथ’ही, मात्र येणार, असं त्याच निरोपातून कळत होतं. मग चाहत्यांनी ‘जेनी डेथ कधी?’ हा धोशाच लावला. जानेवारी २०१५ मध्ये बँडने १४ बिनशब्दांचे ट्रॅक फुकट टाकले. त्यांच्या नावांची शेवटची अक्षरं ओळीने वाचली की ‘जेनी डेथ व्हेन’ असं निघतं! असला आगाऊपणा यांनाच शोभतो. अखेर ३१ मार्च २०१५ ला दोन्ही डिस्क एकत्र आल्या.

आता तुम्हाला ज्याने छळलं त्या पहिल्या डिस्कबद्दल. तिच्यातलं सगळं संगीत बँडचा ड्रमर झॅक हिलने रोलंडच्या व्ही-ड्रम किटवर वाजवलं आहे. हे इलेक्ट्रॉनिक ड्रम असतात. पॅडवर काठी पडली की आतला सेन्सर तो आघात टिपतो, आणि मग आवाज कुठला काढायचा ते तुमच्या हातात: ढोल, काच फुटणं, नाहीतर कुणाचा तरी श्वास. म्हणजे इथे सूरही ड्रमरच वाजवतो. त्यात हिल हा हेला या दोघांच्या बँडमधला माणूस, एका माणसाचे दोनच हात असतात हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. आठही ट्रॅकमध्ये आइसलँडची गायिका ब्यॉर्क हिचा आवाज आहे, पण ती गाते आहे असं समजून ऐकायला बसाल तर फसाल. तिचे हुंकार, अर्धे स्वर, तुटके उच्चार कोथिंबिरीसारखे बारीक चिरून घातलेत. स्वतः ब्यॉर्कला त्याचं काही वाटलं नाही. कुठेतरी सापडलेल्या वस्तूसारखा आपला वापर झाला याचा तिने उलट आनंदच व्यक्त केला.

कल्पना म्हणून हे जबरदस्त आहे. ‘अप माय स्लीव्ह्ज’ ऐकताना मला अजूनही धडकी भरते. पण तीच कल्पना आठ वेळा! एरवी घसा फाडून ओरडणारा राइड इथे पुष्कळदा पुटपुटतो, त्याचाही आवाज चिरला जातो, आणि मधल्या चार-पाच ट्रॅकमध्ये धरायला काहीच सापडत नाही. डिस्क जेमतेम ३१ मिनिटांची आहे, तरी तासाभराची वाटते. शेवटचा ‘बिग डिपर’ पुन्हा वर येतो, पण तोवर तुमच्यासारखे लोक उतरून गेलेले असतात.

‘जेनी डेथ’ सुरू झाली की खोलीत कुणीतरी भिंत पाडल्यासारखं वाटतं. टेरा मेलॉस बँडच्या निक राइनहार्टची गिटार आहे, ज्युलियन इम्सडालचा ऑर्गन आहे, आणि राइड पुन्हा छातीतून ओरडतोय. ‘इनॅनिमेट सेन्सेशन’च्या सुरुवातीला तर उभ्या बाइकचा अ‍ॅक्सिलरेटर पिळावा तसा आवाज चढत जातो. ही डिस्कही निर्दोष नाही. ४९ मिनिटांतली दहा मिनिटं मी सहज कापली असती.

पण ‘ऑन जीपी’ला हात लावायचा नाही. जीपी म्हणजे ‘जनरल प्रिन्सिपल’, तत्त्व म्हणून. सहा मिनिटांचं हे गाणं आत्महत्येच्या विचारांवर आहे. मरण दारावर येतं, आणि हा माणूस आडपडदा न ठेवता सांगतो की आपण अजून आहोत ते बऱ्याच अंशी दुसऱ्यांसाठी. इतकी वर्षं मुखवट्यासारखा वाटणारा आवाज इथे एकदम एका माणसाचा होतो. मन आधीच जड असेल त्या दिवशी मात्र हे लावू नका, मनापासून सांगते.

आणि इतक्या गाण्यानंतर यांनी काय केलं, तर ‘डेथ ग्रिप्स २.०’ नावाचा बिनशब्दांचा खडखडाट जोडला. पंगत उठल्यावर कुणी पुन्हा वाढायला यावं तसं. तिथे मी दरवेळी बंद करते.

तेव्हा कॅसेटच्या काळात करायचो तसं करा, बी बाजू आधी लावा. ‘जेनी डेथ’ सलग ऐका, ‘ऑन जीपी’ला थांबा. दोन-चार दिवसांनी रात्री, चांगल्या हेडफोनवर, पहिल्या डिस्कचा पहिला आणि शेवटचा ट्रॅक ऐका. आवडले तर मधल्यांकडे जा, नाहीतर राहू द्या.

एक राहिलंच. माझ्या त्या इअरफोनची वायर पुढे खरोखरच गेली. मला कळायला आठवडा लागला, कारण आठवडाभर मी पहिली डिस्कच ऐकत होते.