दोन पोरं बसतील एवढा डोलणारा लाकडी घोडा बेळगावात सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं मशीन) कापून मिळेल का? लेझर बरं की राऊटर?

मिळतो की, पण उद्यमबागेत (बेळगावची कारखान्यांची वसाहत) जाऊन नुसतं "सीएनसी हाय काय" म्हणून विचारू नका. तिथं सीएनसी म्हणजे लोखंडाचं काम, लेथ नाहीतर व्हीएमसी, प्लायचं नाव काढलं की तुमच्याकडं वर-खाली बघतात. तुम्हाला पाहिजे तो राऊटर, म्हणजे फिरत्या बिटनं लाकूड कापणारं मशीन, जे लोक दाराची नक्षी, देवघर, एमडीएफची जाळी करतात त्यांच्याकडं असतो, बेड बहुतेक ८ बाय ४ फुटी, म्हणजे अख्खी शीट बसते. लेझरचा नाद सोडा. साइनबोर्ड करणाऱ्यांचा लेझर ५-६ मिमी प्लाय झकास कापतो, पण दोन पोरांच्या वजनाला १८ मिमी पाहिजे, आणि तेवढ्या जाडीला कड जळून काळी होते, आरपार जाईल याचीही गॅरंटी नाही.

आता मेन गोष्ट. १८ मिमी म्हणून आणलेली प्लाय १८ भरत नाही. व्हर्नियर लावून बघा, १७.३, १७.५ असं कायतरी येतं, एकाच शीटच्या दोन टोकांना पण फरक पडतो. ड्रॉइंगमध्ये १८ ची खाच दिली तर मशीन इमानदारीत १८ च काढणार, मग जोड ढिला आणि पोरं बसली की घोडा कुरकुरायला लागला. म्हणून आधी शीट घ्या, मोजा, मग ड्रॉइंग फायनल करा, खाच जाडीपेक्षा ०.२ मिमी जास्त, फेविकॉलला तेवढी जागा लागते. त्याच शीटच्या वाया जाणाऱ्या पट्टीत एक खाच कापून जोड बसवून बघा, ऑपरेटर म्हणेल "डायरेक्ट लावू की सर", ऐकू नका.

बिट गोल फिरतं त्यामुळं आतला कोपरा काटकोनात निघतच नाही, ६ मिमी बिटला ३ मिमीची गोलाई राहते आणि चौकोनी तुकडा तिथं अडतो. ड्रॉइंगवाल्याला कोपऱ्यात डॉगबोन (बिटनं कोपऱ्याच्या जरा बाहेर काढलेली गोल खाच) द्यायला सांगा, नाहीतर पटाशी घेऊन प्रत्येक कोपरा ठोकत बसा. फाइल डीएक्सएफ (मशीनला चालणारा ड्रॉइंगचा फॉरमॅट), माप मिमीमध्ये.

खालच्या कमानीत कंजूषपणा नको. पोरगं बसल्यावर वजनाचा मध्य वर जातो, आणि कमानीची त्रिज्या त्या उंचीपेक्षा बरीच मोठी नसेल तर घोडा कलंडतो. सीट दीड फुटावर असेल तर मी त्रिज्या चार फूट धरतो, दोन पोरांना कमान लांबीलाही जास्त, आणि दोन्ही टोकांना खालून अडणी, म्हणजे घोडा जास्त झुकू नये म्हणून ठोकळे.

एमडीएफ मात्र घेऊ नका, आपल्याकडच्या, त्यातून खानापूरकडच्या पावसात कडा फुगतात. बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारी) नाहीतर मरीन प्लाय घ्या. मशीनचं काम लवकर उरकतं, खरा वेळ खातात त्या कडा, राऊंड ओव्हर बिट (कड गोल करणारं) मारून ८०, १२०, २२० चा सँडपेपर, आणि हात फिरवून कुसळ लागत नाही असं वाटलं की मगच पॉलिश, ते पण जूनच्या आधी उरका, पावसात लवकर वाळत नाही.