पॅचबे कोणता घ्यावा?

प्रश्न : ऐरोलीतल्या घरच्या स्टुडिओत ८ इनपुटांचा इंटरफेस (आवाज संगणकात नेणारी पेटी), दोन प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारे) आणि एक कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार आवरणारा) आहे. कोणता पॅचबे (सगळ्या यंत्रांच्या वायरी एका जागी आणून हव्या तशा जोडायची जॅकची पट्टी) टिकेल?

उत्तर : ४८ जॅकचा, पाव इंची टीआरएस (तीन संपर्कांच्या प्लगचा), बॅलन्स्ड (बाहेरची गुणगुण छाटणारा) घ्या. प्रत्येक जॅक पुढच्या पट्टीला नटने कसलेला हवा. खाडीकाठच्या दमट हवेत आधी काळवंडतात ते जॅकमधले नॉर्मलचे स्विच (प्लग नसताना वरचा जॅक खालच्याला आपोआप जोडणारे) : प्लग घातला की आवाज स्वच्छ, काढला की खरखर. तेव्हा काँटॅक्ट क्लीनर वापरा.

प्रीअँपचे आउटपुट वर, इंटरफेसचे इनपुट खाली, जोडी हाफ-नॉर्मल (खाली प्लग घातला तरच आपोआपची जोडणी तुटते). कॉम्प्रेसरची जोडी मात्र थ्रू (आपोआप न जोडलेली) ठेवा, नाहीतर त्याचं आउटपुट त्याच्याच इनपुटात शिरून शिट्टी वाजेल. माइक यातून नकोच. ४८ व्होल्टचा फँटम (माइकला केबलमधूनच मिळणारा वीजपुरवठा) चालू असताना टीआरएस प्लग सरकवला की शॉर्ट होतो.