फ्लॅटहेड पळवायचीय? मग हे आधी ऐक

मित्रा, बॉनव्हिलच्या मिठावर, म्हणजे अमेरिकेतल्या युटामधल्या त्या वेगाच्या शर्यतींच्या मिठाच्या मैदानावर, पळायचं तर फोर्डचा १९३२चा फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेलं इंजिन) व्ही-८ ब्लॉक खुशाल ठेव. टायर, सीटबेल्ट, आग विझवायची यंत्रणा मात्र कोरी करकरीत. चोरबाजारातला टायर कितीही देखणा असो, जुनं रबर कडक होतं. यावर वाद नको.

या इंजिनात एक्झॉस्टची वाट ब्लॉकमधूनच जाते, म्हणून पाणी भराभर तापतं. दोन्ही बाजूंना वेगळा सेन्सर बसव, आकडे नोंदवून ठेवणारा डेटा लॉगर लाव. वायरिंगचं सामान लॅमिंग्टन रोडला मिळेलच.

आणि मुंबईत बसलेलं जेटिंग (कार्ब्युरेटरच्या जेटचं माप, त्यावर पेट्रोल किती जाईल ते ठरतं) तिथे चालेल असं धरू नकोस. ते मैदान सुमारे १,२८० मीटर उंचीवर आहे. हवा विरळ, मिश्रण रिच होणार, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त. कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन लावायचं मनात असेल तर आधी तुझ्या शर्यतीच्या वर्गाचे नियम वाच, खरेदी नंतर.